करंजीची मुरड

(सभेत दिलेले भाषण, ध्वनिमुद्रणावरून)



आपल्या समितीने मला आरोग्याविषयी चार शब्द बोलण्यास सांगितले होते. रक्तदाब, मधुमेह आणि गुडघे असे तीन विषय सुचवलेही होते. या तिन्हींवर आपल्या डॉक्टरांनी आपणांस इतके ऐकवले आहे, आणि आपण ते इतक्या निष्ठेने विसरता, की त्यात भर घालण्याची माझी इच्छा नाही. आज मी खिम्याच्या करंजीविषयी बोलणार आहे. आरोग्य त्यात ओघाने येईलच, कारण चाळीस वर्षे परिचारिका म्हणून काम केलेल्या बाईला कढईकडे केवळ कढई म्हणून पाहता येत नाही.

हाउन्सलोमध्ये करंजी घरी कशासाठी करायची, असे आपल्या सुना आणि मुली विचारतात. प्रश्न रास्त आहे. हाय स्ट्रीटवर पाच मिनिटे चालले तर गरम समोसा मिळतो, सुपरमार्केटात पेस्टी मिळते, शीतपेटीत पफ पेस्ट्रीचे घड्या घातलेले तयार तावही मिळतात. पंजाबी समोसा उत्तम असतो, हे मी मोकळ्या मनाने मान्य करते. परंतु पोळी, भात, आमटी, मासा हे उघडे पदार्थ आहेत. ताटात काय आहे ते डोळ्यांना दिसते. सारण भरून कडा मिटलेला पदार्थ तसा नसतो. तो खाणारा मनुष्य सारण पाहून खात नाही, करणाऱ्यावर भरवसा ठेवून खातो. आपल्यासारख्या, काय खावे आणि कशाबरोबर खावे याचे नियम पाळणाऱ्या लोकांना हा भरवसा फार जपून द्यावा लागतो.

उदाहरण सांगते. १५ जानेवारी २०१३ रोजी आयर्लंडच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने गोमांसाच्या बर्गरांची तपासणी जाहीर केली. सत्तावीस नमुन्यांपैकी दहांत घोड्याच्या मांसाचा अंश सापडला. वर्तमानपत्रांत घोड्याचीच चर्चा झाली. मात्र त्याच सत्तावीस नमुन्यांपैकी तेवीसांत डुकराचा अंश होता, आणि त्याविषयी त्या मानाने फारच कमी बोलले गेले. आपल्या आणि आपल्या मुसलमान शेजाऱ्यांच्या घरी मात्र तेवढेच बोलले गेले. मांसाचा तुकडा ओळखता येतो, खिमा ओळखता येत नाही. आणि पिठाच्या पारीत मिटलेला खिमा तर दिसतही नाही.

दुसरी गोष्ट आपल्या अगदी दाराजवळची आहे. जुलै २०१६ मध्ये नताशा एडनान-लापेरूझ नावाची पंधरा वर्षांची मुलगी हीथ्रो विमानतळावरून विमानाने निघाली. जाण्यापूर्वी तिने तेथे एक बागेत विकत घेतला. तिला तिळाचे वावडे होते. तीळ पावावर पेरलेले नव्हते, ते पिठातच मिसळून भाजलेले होते, आणि वेष्टनावर त्यांचा उल्लेख नव्हता. ती मुलगी वाचली नाही. तिच्या आईवडिलांच्या प्रयत्नांमुळे १ ऑक्टोबर २०२१ पासून या देशात असा नियम झाला की, दुकानातच तयार करून, वेष्टनात बांधून ठेवलेल्या खाद्यावर सर्व घटक लिहिलेच पाहिजेत, आणि वावड्याचे घटक ठळक अक्षरांत. लोक त्याला नताशाचा कायदा म्हणतात. माझी आपणां सर्वांना विनंती आहे की, ते बारीक अक्षर चष्मा लावून वाचत जा. तरीही लक्षात असू द्या, काचेच्या पेटीतून उचलून कागदी पिशवीत घालून दिलेल्या समोशावर काहीच लिहिलेले नसते. तेथे तोंडानेच विचारावे लागते. विचारण्यात संकोच कसला? रुग्णाला औषध देण्यापूर्वी त्याचे नाव ठाऊक असूनही आम्ही ते पुन्हा विचारीत असू.

हा पदार्थ जुना आहे, आणि त्याचा प्रवास आपल्या लोकांच्या प्रवासाइतकाच लांब आहे. बगदादमध्ये १२२६ साली लिहिल्या गेलेल्या पाकशास्त्राच्या ग्रंथात सारण भरलेल्या संबूसकाची कृती आहे. चौदाव्या शतकात इब्न बतूता दिल्लीस मुहम्मद बिन तुघलकाच्या दरबारी होता. तेथील पंगतीत वाढल्या जाणाऱ्या संबूसकाचे त्याने वर्णन केले आहे. बारीक मांस, बदाम, पिस्ते, कांदा आणि मसाले पातळ पारीत भरून तुपात तळलेले. मांस आणि तूप! म्हणजे सुलतानाच्या त्या पंगतीत आपणांस उपाशीच उठावे लागले असते. पुढे बगदादी यहुदी मुंबईस आले. त्यांच्या घरी पुरीमला काबुली चण्यांचे सारण भरलेले संबूसक होत असत. आपण बेने इस्राएल मात्र कोकणातले. आपली करंजी बगदादहून आलेली नाही, ती शेजारच्या घरांतून आली आहे. नारळ, गूळ, वेलची हे तिचे मूळ सारण. खिमा भरण्याची रीत कायस्थ प्रभूंच्या घरीही आहे आणि आपल्या घरीही आहे. कोणी कोणाकडून उचलली, या वादात मी पडत नाही. दोन्ही घरांची खाऊन पाहिलेली आहे.

पुरीमला आपले पूर्वज ‘होळीचा सण’ म्हणत. त्या दिवशी सारणाचे पदार्थ करण्यामागे जे कारण सांगितले जाते ते मला फार आवडते. एस्तेरच्या ग्रंथात देवाचे नाव एकदाही येत नाही. तो आहे, परंतु आत झाकलेला आहे, सारणासारखा.

आता करंजीच्या कडेविषयी. माझ्या मते सर्व कौशल्य तेथेच आहे, आणि आपल्या दृष्टीने धर्मही तेथेच आहे. ‘शुल्हान आरूख’च्या योरे देआ या भागात, ९७व्या प्रकरणात, असा नियम आहे की, पाव दुधात मळू नये, कारण तो कोणी नकळत मांसाबरोबर खाईल. मळायचाच असेल तर थोडासाच मळावा, किंवा त्याचा आकार निराळा करावा, म्हणजे पाहणाऱ्यास तो ओळखू येईल. हे मला अत्यंत व्यवहारी शहाणपण वाटते. मनुष्याच्या स्मरणावर विसंबू नका, वस्तूलाच बोलू द्या. आम्ही इस्पितळात रुग्णाच्या मनगटाला पट्टी बांधत असू, त्यामागे दुसरे काय होते? आपल्यापैकी ज्यांचे नातलग लोद, दिमोना किंवा अश्दोद येथे आहेत, त्यांनी तेथे पाहिले असेल की, चीजचा बुरेकास सामान्यतः त्रिकोणी असतो आणि बटाट्याचा चौकोनी.

माझ्या घरी हीच व्यवस्था आहे. खिम्याच्या करंजीला हाताने मुरड. वाटाणा, बटाटा किंवा चीज असलेल्या करंजीला कातण फिरवलेली नागमोडी कड, आणि चीजच्या करंजीवर काट्याने तीन टोचे. मुरड दिसली की मांस, म्हणजे मग चहात दूध नाही. माझ्या नातवंडांना अक्षरओळख होण्यापूर्वी कडा वाचता येत होत्या. या देशातल्या कॉर्नवॉल प्रांतातही अशीच रीत सांगतात. पेस्टीच्या एका कोपऱ्यावर खाणाऱ्याच्या नावाचे आद्याक्षर पिठाने चिकटवायचे, म्हणजे खाणीत ज्याची त्याला मिळे. त्या पेस्टीला २०११ साली युरोपीय संघाने भौगोलिक नावाचे संरक्षण दिले, आणि त्यात कडेचाही नियम आहे. आकार अर्धचंद्र, मुरड बाजूने, माथ्यावर नव्हे. संपूर्ण पेस्टीत गोमांस किमान साडेबारा टक्के. तिचे सारण कच्चेच भरतात आणि मंद भट्टीत आतच शिजू देतात. आपली करंजी नेमकी उलट आहे. तेलात ती काही मिनिटेच असते, म्हणून आपले सारण आधी पूर्ण शिजलेले, कोरडे आणि गार असावे लागते. पेस्टीची रीत करंजीला लावू नका; बाहेरून तांबूस आणि आत कच्चा खिमा, असा प्रकार होईल, आणि मग मला आरोग्यावरच बोलावे लागेल.

मराठीत मुरड या शब्दाचा आणखी एक अर्थ आहे, परत वळणे. अलिबागेस आमच्या इस्राएल आळीच्या शेजारच्या घरांतून गौरी निघताना तिला मुरड घातलेल्या कानवल्यांचा नैवेद्य असे. तिने पुढल्या वर्षी मुरडून यावे म्हणून. आमचा त्या पूजेशी संबंध नव्हता, शब्दाशी होता. मी १९७४ साली इंग्लंडला निघाले तेव्हा आईने डब्यात ज्या करंज्या दिल्या त्यांना कातण लावलेले नव्हते. चाळीसही करंज्या हाताने मुरडलेल्या होत्या. त्याविषयी ती काही बोलली नाही, मीही विचारले नाही.

आता कृती. लिहून घेणाऱ्यांनी लिहून घ्यावे, सावकाश सांगते.

प्रथम मांस. कोकणात गावचा हझानच कोंबडी-बकरे कापून देई, आणि खिमा घरीच सुरीने बारीक होई. मधे अनोळखी हात नव्हता. येथे आपल्याला पिकॅडिली लाइनने लेस्टर स्क्वेअर, तेथून नॉर्दर्न लाइनने गोल्डर्स ग्रीन किंवा एजवेअर गाठावे लागते. महिन्यातून एकदा जावे, चारपाच घरांनी मिळून आणावे. अर्धा किलो मेंढीचा किंवा कोंबडीचा खिमा घ्या. कोशेर मांस मिठात ठेवून, धुऊन झालेले असते, म्हणून मीठ नेहमीच्या निम्मेच घालून चव पाहा. दोन मोठे कांदे बारीक चिरून तेलावर गुलाबी करा. त्यात आले, लसूण, चार हिरव्या मिरच्या वाटून, हळद, आणि घरचा गरम मसाला. मग खिमा घालून, गुठळ्या मोडीत, उघड्या भांड्यात परता. झाकण ठेवू नका, पाणी आटू द्या. भांड्याचा तळ कोरडा दिसू लागला, चमचा ओढल्यावर मागे ओली रेघ राहिली नाही, की आच बंद. आता मूठभर ओले खोबरे, भरपूर कोथिंबीर, अर्ध्या लिंबाचा रस. खोबरे हवेच. दूध-तूप वर्ज्य असल्याने आपल्या स्वयंपाकातला सगळा मऊपणा नारळानेच सांभाळला आहे. सारण परातीत पसरून पूर्ण गार करा.

पिठासाठी अर्धा किलो मैदा, अर्धी वाटी बारीक रवा, मीठ, आणि चार मोठे चमचे कडकडीत तेलाचे मोहन. तूप नाही, लोणी नाही. मोहन चमच्याने कालवा, मग पीठ दोन्ही तळहातांत चोळा. मुठीत दाबल्यावर मूठ टिकली पाहिजे. साधारण सव्वादोनशे मिलिलिटर पाणी लागते, परंतु पाणी एकदम ओतू नका, येथला मैदा कधी जास्त मागतो, कधी कमी. पुरीच्या पिठासारखे घट्ट भिजवून ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेवा. एवढ्यात तीस-बत्तीस करंज्या होतात.

लाट्या सुपारीएवढ्या. पारी तळहाताएवढी, मध्ये किंचित जाड, कडेला पातळ. नाहीतर दोन कडा मिळून जाड पट्टी होते आणि तीच कच्ची राहते. लाटताना कोरडे पीठ कमीत कमी लावा. कडेवर पीठ राहिले की ती चिकटत नाही. एक मोठा चमचा सारण अर्ध्या बाजूला ठेवा. हाव करू नका. कडेवर पाण्याचे बोट फिरवा, दुमडा, आणि आधी सारणाच्या अगदी लगत बोटांनी दाबत हवा बाहेर काढा. करंजी फुटते ती तीनच कारणांनी: ओले सारण, आत राहिलेली हवा, आणि कडेवरचे कोरडे पीठ. मग मुरड. करंजी डाव्या तळव्यावर घ्या. उजव्या टोकापासून कडेचा लहानसा भाग अंगठ्याने आत दुमडून दाबा. त्या दुमडीचा जो कोपरा बाहेर राहील, तोच पुढच्या दुमडीखाली घ्या. दोरी वळल्यासारखी कड तयार होते. पहिल्या दहा वाकड्या होतात, त्या घरातल्या माणसांनी खाव्यात. भरलेल्या करंज्या फडक्याखाली झाकून ठेवा, नाहीतर कड वाळून तडकते.

तळण्याचे तेल मध्यम, थर्मामीटर असल्यास १७० अंश. नसल्यास पिठाची गोळी टाका. ती क्षणभर तळाशी थांबून मग वर आली पाहिजे. लगेच उसळली तर तेल जास्त तापले आहे. एका वेळी चार करंज्या, झाऱ्याने वरून तेल उडवीत, बदामी होईपर्यंत. ज्यांना तळण वर्ज्य आहे त्यांनी मोहन दोन चमचे वाढवावे, वरून तेलाचा हात फिरवावा आणि ओव्हनमध्ये २०० अंशांवर पंचवीस मिनिटे भाजावे. चव निराळी लागते, वाईट लागत नाही. माझी एक मैत्रीण हिला करंजीच म्हणू देत नाही. तिचा कोलेस्टेरॉलचा आकडा मला ठाऊक आहे, त्यामुळे मी गप्प बसते.

आणि आता, ज्यासाठी मला खरोखर बोलायचे होते ते. आपण शनिवार तेली. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून कोकणाने आपणांस ओळखले. तेलाशी आपले इतके जुने नाते असूनही आपल्याच बायकांचे भाजलेले हात मी या देशात फार पाहिले. अपघात विभागात काम करताना एक गोष्ट माझ्या ध्यानी आली, ती म्हणजे हिवाळ्यातला शुक्रवार. डिसेंबरात लंडनचा सूर्य चारच्या आत मावळतो. शब्बाथचे दिवे त्यापूर्वी लागले पाहिजेत, कामावरून आलेली बाई कोट काढते आणि तशीच कढईपुढे उभी राहते. हात घाईत असतो आणि तेल तापलेले असते. म्हणून हिवाळ्यात करंज्या गुरुवारी रात्री तळा, शुक्रवारी नव्हे.

भांड्यात तेल एकतृतीयांशाहून अधिक नसावे. कढईसमोरून हलू नका, दार वाजले तरी, फोन वाजला तरी. तेलाने पेट घेतला तर आच बंद करणे सुरक्षित असेल तरच करा, भांडे हलवू नका, पाणी कदापि टाकू नका. पाणी टाकताच जळते तेल छतापर्यंत उसळते. बाहेर पडा, दार ओढून घ्या, ९९९ला फोन करा. हात भाजला तर अंगठ्या-बांगड्या ताबडतोब काढा, आणि नळाच्या थंड वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटे धरा. घड्याळ पाहून वीस. दोन मिनिटांनी बरे वाटते म्हणून काढू नका. बर्फ नको, हळद नको, लोणी नको, टूथपेस्ट तर मुळीच नको. मग स्वयंपाकघरातला पारदर्शक क्लिंग फिल्म सैलसा ठेवून इस्पितळ गाठा. हे सारे मी बाकावरच्या मंडळींनाही सांगते आहे, कारण अशा वेळी धावत येऊन हळद लावणारे बहुधा घरातले पुरुषच असतात.

उरलेल्या करंज्या गार होताच, दोन तासांच्या आत, शीतकपाटात ठेवा. खाताना आतपर्यंत वाफ येईल इतक्या गरम करा, आणि एकदाच. साठवणीसाठी मात्र न तळलेल्या करंज्या ताटात सुट्या मांडून गोठवा आणि मग पिशवीत भरा. गोठवलेला कच्चा खिमा एकदा सैल झाल्यावर तसाच पुन्हा गोठवू नये. तो शिजवल्यावर गोठवण्यास हरकत नाही. गोठलेल्या करंज्या तेलात न टाकता ओव्हनमध्ये भाजलेल्या बऱ्या, तेल उडत नाही. पिशवीवर तारीख घाला आणि सारण लिहा. कड पाहून कळते हे खरे, परंतु पिशवी कदाचित दुसरे कोणी उघडील.

मधुमेह्यांनी दोनच, आणि सोबत काकडीची कोशिंबीर. लिंबाची, दह्याची नव्हे! रात्रपाळीच्या मुलामुलींनी चार नेल्या तरी चालतील. वेस्ट मिडलसेक्सच्या वॉर्डात पहाटे तीन वाजता, एका हातात रुग्णांच्या नोंदी असताना, दुसऱ्या हाताने खाता येईल असा मांसाचा दुसरा पदार्थ मला आजवर सापडलेला नाही. गार खाल्ली तरी ती चांगली लागते, आणि तिच्यात काय आहे हे वॉर्डात मला एकटीलाच ठाऊक असे.

आता मागच्या स्वयंपाकघरात पीठ भिजवून ठेवले आहे. डावीकडचे पोळपाट खिम्याचे, उजवीकडचे वाटाण्याचे. लाटणी इकडची तिकडे नेऊ नका, निळी फीत खिम्याच्या लाटण्यांना बांधली आहे. अंगठ्या काढून, हात कोपरापर्यंत धुऊन या. लहान मुलांना मुरडीच्या बाजूला पुढे बसवा. त्यांची बोटे बारीक असतात. तळायला मी स्वतः उभी राहणार आहे, आणि कढईपासून दोन हातांच्या आत कोणीही येणार नाही, अध्यक्ष महाशयसुद्धा नाहीत.